माइक निवडायचा उन्हाळा

काल कूलर काढला. सगळा हिवाळा मागच्या खोलीत ताडपत्रीखाली घालवलेलं ते लोखंडी धूड मी आणि माझ्या लेकीने, मैत्रीने, ढकलत ढकलत खिडकीपाशी आणलं, त्याच्या बाजूंच्या जुन्या गवती ताट्या उपसून फेकल्या, नव्या बसवल्या आणि पाइप लावून त्यांच्यावर पाणी सोडलं. नव्या ताट्यांवर पहिलं पाणी पडलं की एक ओला, लाकडी, किंचित कुबट वास सुटतो. आमच्या पुसदला उन्हाळा आल्याची वर्दी तो वास देतो. इतरांना उन्हाळा म्हटलं की आंबे आठवत असतील, आम्हाला कूलर आठवतो. मग बटण दाबलं, पंख्याने एक गचका खाल्ला आणि घर्रघर्र सुरू झाली. उडणारी धूळ बघून मैत्रीने टेबलावरच्या माइकवर टॉवेल टाकला, आणि मला मागचा एक उन्हाळा आठवला. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात माइकवाचून दुसरा विषय नव्हता.

मैत्री आमची एकुलती एक मुलगी. अमरावतीला शिकली, तिथेच नोकरी बघेल असं वाटत होतं, तर नोकरीच घरी आली. दिवसभर ती कुठल्याशा कंपनीचं काम लॅपटॉपवर करते आणि ते संपलं की बस चालवते. हे प्रकरण मी शिकवते त्या शाळेतल्या मैत्रिणींना समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ आले. बस खरी नाही, कॉम्प्युटरवरच्या खेळातली. स्टिअरिंग मात्र खरंच टेबलाला घट्ट बसवलेलं. पडद्यावर घाट येतो, वळणं येतात, समोरून ट्रक येतो, आणि ही आपली लाल बस हाकत हाकत बोलत असते. त्याच वेळी इंटरनेटवर लोक ते बघत असतात. कुणी आर्णीचं, कुणी पुण्यात कामाला गेलेलं, कुणी दुबईत. ते लिहून विचारतात, "ताई, माझी सीट ठेवली का?" ही म्हणते, "ठेवली ना भाऊ. लवकर या, नाही तर आजोबा बसतील."

पहिल्यांदा मला यातलं काही उमजेना. आपण खेळावं हे ठीक, पण दुसऱ्याने खेळलेलं तासन्‌तास बघत कशाला बसायचं? मग वाटलं, क्रिकेटचं तरी आपण दुसरं काय करतो. शिवाय तिथे येणाऱ्यांना बसपेक्षा गप्पांची ओढ जास्त असते, हेही हळूहळू लक्षात आलं. सुरुवातीला मैत्री मी शिकवलेलं शुद्ध मराठी बोलायची, बातम्या दिल्यासारखं. एकदा रस्त्यात म्हैस आडवी आली आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "सरक वो माय, मधात कायले उभी राह्यली?" त्या दिवसापासून लोकांनी तिला शुद्ध बोलूच दिलं नाही. मास्तरीण म्हणून मला थोडं लागलं. पण ऐकायला तेच गोड लागतं, हेही खरं.

आमच्याकडे माणसं मोठ्याने बोलतात. भांडत नसतात, नुसती बोलत असतात. एक जण वावराच्या या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दुसरा त्या धुऱ्यावर, मध्ये मोटारपंपाचा आवाज, अशा ठिकाणी जिभेला वळण लागलेलं. मग तीच माणसं शेजारी शेजारी खाटेवर बसली तरी आवाज कमी होत नाही. फोनवर तर विचारूच नका. आम्हा मास्तर लोकांची आणखी निराळी तऱ्हा, कारण शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय घरी आल्यावरही सुटत नाही. नागपूर-मुंबईकडचे पाहुणे आले की पहिले दोन दिवस दचकत असतात.

या सगळ्या मोठ्या आवाजांमधला सगळ्यांत मोठा आवाज आमच्या घरात राहायचा. मधुकरराव म्हणजे माझे यजमान. त्यांचं बियाण्या-खताचं दुकान आहे, पण दुकानामुळे त्यांना फारसं कुणी ओळखत नसे. हिवाळ्यात आमच्या भागात बैलजोड्यांच्या शर्यती होतात, त्याला शंकरपट म्हणतात. पटावर माइक धरून जोडीचं, मालकाचं, गावाचं नाव पुकारायला आणि धावेचं वर्णन करायला एक माणूस लागतो. उमरखेड, महागाव, दिग्रसपर्यंत तो माणूस म्हणजे मधुकरराव. पट नसले की कबड्डीचे सामने, एप्रिल आला की जयंतीचे कार्यक्रम. लाइट जाऊन भोंगे मुके झाले तरी यांचं पुकारणं मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जायचं, आणि लोक त्यावरही टाळ्या वाजवायचे.

घरी आल्यावर आवाज तोच. चहा मागायचा तर जणू अंतिम सामना सुरू आहे. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणायच्या, "बाई, भाऊच्या चहात साखर कमी पडली वाटते आज." आमच्या घरात काय शिजलं, कुणाचा ताप उतरला, मला कुठली साडी आणली, हे सगळं कॉलनीला आपोआप कळायचं. लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, हा माणूस माझ्याशी बोलतो आहे की गावाशी. त्या आवाजात हळू असं काही नव्हतंच. रागही मोठा, लाडही मोठा. पुढे सवय झाली आणि मग तर तो आवाज नसला की घर बंद असल्यासारखं वाटायला लागलं.

त्या वर्षी पटाच्या हंगामात आवाज बसला तो उठेना. आलं झालं, मध झाला, ज्येष्ठमध चघळून झालं. शेवटी नागपूरला दाखवलं तर स्वरयंत्रावर गाठ. ती काढली, तपासायला पाठवली आणि साधी निघाली. डॉक्टरांनी आधी काही दिवस पूर्ण मौन सांगितलं. नंतर मात्र बजावलं, की आता बोलायचं. ओरडायचं नाही आणि कुजबुजायचंही नाही, कुजबुजताना गळ्यावर उलट जास्त ताण येतो. साध्या, हळू आवाजात रोज थोडं थोडं बोलायचं. गप्प बसून राहिलात तर आवाज सुधारणार नाही, असंही ते म्हणाले.

पण मधुकरराव गप्प बसले. मौन संपलं त्या सकाळी त्यांनी मला एकदा हाक मारली होती. जे बाहेर पडलं ते ऐकून ते स्वतःच दचकले. खरखरीत, वाऱ्याने भरलेला, दारापर्यंतही न पोचणारा आवाज. त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. पाणी हवं असलं तर टाळी, नको असलं तर हात. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, "अळीवर काय देता भाऊ?" हे डबा उचलून समोर ठेवायचे. जयंतीला त्या वर्षी निवेदन दुसऱ्याच एका तरुणाने केलं, बरंच केलं, आणि हे मागच्या रांगेत मान खाली घालून बसले. मी समजावलं, रागावले, डॉक्टरांना फोन लावून दिला. काही उपयोग झाला नाही. मला भीती वाटत होती. गाठीची नव्हे, ती तर गेली होती. हा माणूस आता उरलेलं आयुष्य माझ्याशी टाळ्या वाजवून बोलणार, याची भीती.

अशा त्या दिवसांत मैत्रीच्या माइकचा विषय निघाला. तिच्या हेडफोनलाच एक बारीक माइक चिकटलेला होता आणि त्यावर भागत होतं. कूलर सुरू झाला तसे लोक विचारायला लागले, "ताई, बस चालवता की हेलिकॉप्टर?" कूलरची घर्रघर्र तिच्या आवाजावर स्वार झाली होती. मग पोरगी माइकच्या अभ्यासाला लागली. तिचा अभ्यास म्हणजे जेवतानासुद्धा तेच. एकदा दिवेलागणीलाच जेवायला बसलो होतो, तेव्हा तिने वाट्या मांडून मला समजावलं.

"हे पाय आई, काही माइक फक्त तोंडासमोरचं ऐकतात. आजूबाजूचं सोडून देतात. पण त्याइच्या जवळ जाऊन, भरून बोला लागते. अन् काही माइक अख्खी खोली ऐकतात, चमचा पडला तरी."

"मग पहिला घे. विषय संपला."

"तसं नाई न वो. दोन्हीत भल्ले प्रकार आहेत."

तेवढ्यात मधुकररावांनी हातातली भाकर ताटात ठेवली. मूठ वळून तोंडासमोर धरली, थोडी तिरपी केली, आणि दुसऱ्या हाताने तिला दाखवलं की इतकं अंतर, याहून लांब नाही. कित्येक दिवसांनी त्यांनी कुठल्या बोलण्यात भाग घेतला होता. मैत्रीने लगेच फोनच्या पडद्यावरचे माइक त्यांच्यासमोर धरले. हे बोट ठेवत गेले, हा नको, हा बघ. मी कढीची वाटी हातात घेऊन त्या दोघांकडे बघत राहिले. माइक महिनाभर नाही सापडला तरी चालेल, असं मला त्या क्षणी वाटलं.

दुसऱ्या दिवशी हे तिला घेऊन बबनभाऊंकडे गेले. बबनभाऊंचा मंडप आणि साउंडचा धंदा. प्रत्येक पटावर यांच्या हातात माइक द्यायचे ते बबनभाऊच. त्यांनी इंटरनेटवरचे माइक एका वाक्यात निकालात काढले. "पोरी, ते खेळणे कायले घेतं? हा घे. धुळीत पडला, पाण्यात पडला, तुह्या बापानं यावर किती पट गाजवले. काई होत नाई याले." आणि स्टेजवरचा, जाळीला पोचे पडलेला, जड माइक तिच्या हातात ठेवला. आमच्या भागात सल्ला विचारला की वस्तूच हातात मिळते, आणि ती नको म्हणणं फार अवघड असतं.

घरी आल्यावर कळलं की या माइकची पिन अंगठ्याएवढी जाड आणि लॅपटॉपला तशी जागाच नाही. मधुकरराव लॅपटॉप चहूबाजूंनी फिरवून फिरवून भोक शोधत होते. बाजारातून जोडपिना आणल्या तर आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. या माइकला लॅपटॉपशी बोलायला मध्ये एक वेगळा डबा लागतो हे मग समजलं. मैत्रीने तो एका मित्राकडून मागून आणला. सगळं जुळलं तेव्हा मात्र माइकने आपला हिसका दाखवला. ती जाळीपाशी तोंड नेऊन बोलली आणि कूलर जवळजवळ नाहीसाच झाला. मी म्हटलं, चला, बबनभाऊ खरे निघाले.

मैत्रीने माइक यांच्यापुढे धरला. "बाबा, तुम्ही बोलून पाहा बरं."

त्यांनी तो घेतला. घेताच पाठ सरळ झाली, डावा हात आपोआप मागे गेला, वायर बोटाभोवती गुंडाळली गेली. दोनदा जाळीवर टिचकी मारली. मैदानाकडे बघावं तसं खिडकीबाहेर पाहिलं, श्वास भरला आणि काहीतरी म्हणाले. पडद्यावरची हिरवी पट्टी जेमतेम हलली. पुन्हा म्हणाले. ती तेवढीच हलली. वर्षानुवर्षं ज्या माइकला त्यांनी दमवलं होतं, त्याला आता त्यांचं बोलणं कळत नव्हतं. त्यांनी माइक हळूच टेबलावर ठेवला, बादली उचलली आणि कूलरमध्ये पाणी टाकायला गेले. टाकी आधीच भरलेली होती. पाणी अंगणात वाहत राहिलं तरी ते ओततच होते.

माइक दुसऱ्याच दिवशी बबनभाऊंकडे परत गेला. मी मैत्रीला म्हटलं, "काहून परत केला? चांगला आहे म्हणत होतीस."

"आहे न चांगला. पण बाबाले पुरत नाई तो."

ती बससाठी माइक बघते आहे असं मी समजत होते. तिने कधीचाच बाबांसाठी माइक निवडायला घेतला होता, आणि मला ते एका वाक्यात सांगून ती लॅपटॉपवर कामाला बसली.

त्यानंतर मी पुष्कळ विचार करत बसायचे. सुट्टी लागली होती, दुपारभर करायला दुसरं काही नव्हतं. शाळेत एखादं पोरगं हळू बोललं की आम्ही म्हणतो, मोठ्यानं बोल. सभेत म्हणतात, ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला. जवळ जाऊन ऐकण्याची पद्धतच आपल्याकडे नाही. सगळा भार बोलणाऱ्यावर. ज्याच्या छातीत बळ आहे त्याचं ऐकलं जातं आणि त्याचं बळ गेलं की तो मागच्या रांगेत जाऊन बसतो, आणि आपण त्याला समजूतदार म्हणतो. ऐकणाऱ्याच्या अंगात काही कमी आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. हे मी फळ्यावर लिहून शिकवलेलं नाही कधी. त्या उन्हाळ्यात एका माइकमुळे ते माझ्या डोक्यात आलं.

दुसरा माइक खोक्यातून आला. बुटका, गुबगुबीत, स्वतःच्या पायावर टेबलावर उभा राहणारा, अख्खी खोली ऐकणाऱ्यांपैकी. त्याने खोली तर ऐकलीच, वर आमची अब्रूही ऐकवली. कूलर म्हणजे त्याला पिठाची गिरणी. भंगारवाल्याची हाक, सातभाई पाखरांचा अंगणातला कलकलाट, कुकर, सगळं जसंच्या तसं. एकदा दुबईहून कुणी लिहिलं, "ताई, कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, काकूंना गॅस बंद करायला सांगा." दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या काकूंशी त्यांच्या सुनेबद्दल जे काही बोलले, तेही घाट उतरता उतरता सगळ्या प्रवाशांनी ऐकलं. मी मैत्रीला बजावलं, एक तर हा माइक या घरात राहील नाही तर मी. तीही वैतागली होती. माइक परत पाठवायचा म्हणून तिने खोकं माळ्यावरून काढून ठेवलं.

आणि मग एका दुपारी लाइट गेली.

कूलर बंद पडताना एक लांब उसासा टाकतो. तो संपला की मे महिन्याची दुपार काय असते ते कळतं. बाहेर पान हलत नाही, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मैत्री माइकची शेवटची चाचणी म्हणून नुसतं ध्वनिमुद्रण करत बसली होती. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि ती फोन वाजला म्हणून उठून ओसरीत गेली. मी पदराने वारा घेत तिच्या खुर्चीत बसले. हेडफोन समोरच पडला होता. या पोरीला दिवसभर यात काय ऐकू येतं बघू म्हणून मी तो कानाला लावला.

आधी ताट्यांतून टाकीत ठिबकणारं पाणी ऐकू आलं. मग माझ्याच बांगड्या. मग एक माणूस बोलायला लागला. मला वाटलं, इंटरनेटवरून कुणी आलं. आवाज खाली, जाडसर, कानाशी बसून बोलावं तसा. "बेलोऱ्याची जोडी उभी झाली. डाव्या बाजूले कपाळावर चांदवाला... पाहा, पाहा, कान कसे टवकारले त्यानं... सुटली."

मी वळून पाहिलं. खोलीच्या त्या टोकाला, मागच्या दाराच्या उंबऱ्यावर, माझ्याकडे पाठ करून मधुकरराव बसले होते. हातात पुठ्ठा, वारा घेत होते. समोर अंगणात ऊन आणि तुळस, बाकी काही नाही. माझ्या उघड्या कानाला त्यांचं एक अक्षर येत नव्हतं. हेडफोनमध्ये मात्र पट रंगात आला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे आजचं नाही. रोज दुपारी हा माणूस त्या दारात बसत होता आणि कूलरच्या घर्रघर्रीआड, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, बोलून बघत होता. लाइट गेली हे पटाच्या नादात त्यांना कळलंच नसावं.

"बेलोरा पुढं गेला. मागचा वासरू आहे अजून, दमला... दमला, पण उभा नाई राह्यला बरं. पळून राह्यला. यालेही टाळ्या पाह्यजेत."

मी रडले. इतकी वर्षं मी हा आवाज ऐकत होते आणि त्यात थांबणं असतं, श्वास असतो, हरणाऱ्या वासरासाठी एवढी माया असते, हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं. मोठेपणात ते सगळं दबून जात असणार. मैत्री आत आली, माझा चेहरा बघून घाबरली आणि मी हेडफोनची एक बाजू तिच्या कानाला लावली. आम्ही मायलेकी डोक्याला डोकं लावून ती धाव संपेपर्यंत तशाच ऐकत राहिलो.

मग तिने ते त्यांना ऐकवलं. आधी त्यांनी हात झटकला, चोरी पकडल्यासारखे रागावले. तिने ऐकलं नाही, सरळ त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. ते ऐकत राहिले. भुवया वर गेल्या, मग खाली आल्या.

"हा कोण होय?" त्यांनी विचारलं. तोंडाने विचारलं.

"तुम्ही."

"इतका लहान?"

"लहान नाई बाबा. जवळचा आहे," मैत्री म्हणाली. त्यांनी पुन्हा लावायची खूण केली. पुन्हा ऐकलं. तेवढ्यात लाइट आली, कूलर गुरगुरला, आणि त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

वाटलं होतं, आता सगळं सोपं आहे. माइक ठेवून घेतला. पण कूलर होताच. मैत्रीने मग एक सॉफ्टवेअर शोधलं, नको असलेला आवाज कापून काढणारं. खरोखर जादू होती. कूलर गेला, कुकर गेला, सातभाई गेले, आणि मधोमध मैत्रीचा आवाज स्वच्छ, धुतल्यासारखा. तिने आनंदाने बाबांना बसवलं. तेही तयार झाले, कधी नव्हे ते. कूलर सुरूच ठेवून ते माइकपाशी दोन वाक्यं बोलले. तिने लावून दाखवलं तर काहीच नाही. आवाजाची जी रेघ पडद्यावर उठते ती आडवी पडून होती. त्या सॉफ्टवेअरने यांच्या वाऱ्याने भरलेल्या खरखरीला कूलरचाच एक भाग समजून कूलरबरोबर कापून टाकलं होतं. त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मधुकररावांनी त्या आडव्या रेघेकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा टाळ्यांवर आले.

"मग कूलर बंद करून बसू," मैत्री म्हणाली.

"मे महिन्यात? पुसदले? बस दवाखान्यात न्या लागन तुले," मी म्हटलं.

मधुकररावांनीही जोरात मान हलवली. माझ्यापायी कुणी उकडायचं नाही, असं ते हातांनी म्हणत होते. मैत्री थोडा वेळ स्टिअरिंग इकडेतिकडे फिरवत बसली. मग तिने लोकांना लिहून कळवलं, की उद्यापासून गाडी संध्याकाळी नाही, दिवस उगवायच्या आधी सुटेल.

उन्हाळ्यात आमचं जगणं त्या वेळेतच असतं. गच्चीवर झोपलेली माणसं वळकट्या काखेत मारून खाली येतात, बाया नळावर असतात, भाजीवाल्यांच्या गाड्या भिजवलेल्या पोत्यांखाली निघतात. शाळासुद्धा सकाळची. ऊन वर आलं की दारं लागतात आणि गाव आत जातं. तेवढ्या वेळात कूलर लागत नाही. पण तिचे प्रवासी होते संध्याकाळचे, नोकरीवरून थकून येणारे. कित्येकांनी कळवलं की एवढ्या लवकर जमणार नाही, आणि खरंच ते आले नाहीत. तिने ती गाडी महिनोन्‌महिने जपून भरवली होती. मी विचारलं, "वाईट नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटते. पण बाबाची वेळ तेवढीच आहे."

पहिल्या दिवशी मला वाटत होतं, हे उठणारच नाहीत. मी चहा टाकायला उठले तर मधुकरराव अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माइकसमोर बसले होते. त्यांना कुणी बघणार नव्हतं, फक्त ऐकणार होते, हे त्यांना ठाऊक होतं. तरी शर्ट. खिडकी उघडी होती, बाहेर अजून झुंजूमुंजू. मैत्रीने गाडी काढली आणि सांगितलं, "आज आपल्या गाडीत कंडक्टर आहे बरं."

गाडी निघाली. कंडक्टर गप्प. एक थांबा गेला, दुसरा गेला. मैत्री आपली नेहमीसारखी बोलत होती, मध्ये मध्ये जागा सोडत होती, त्यांनी भरावी म्हणून. ते भरत नव्हते. पडद्याच्या कडेला कुणी लिहिलं, "कंडक्टर झोपला का ताई?" ती हसून म्हणाली, "झोपू द्या भाऊ, रात्रीची ड्यूटी होती." पण मानेवरची शीर ताठली होती, ती मला मागून दिसत होती.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात अडकले होते. पुढे गेले तर कप वाजतील आणि ते सगळीकडे ऐकू जाईल. मागे फिरले तरी वाजतील. तशीच उभी. मधुकररावांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर घाम होता, एवढ्या गार वेळेला. मला वाटलं, आता उठून जातील. मी मानेनेच म्हटलं, राहू द्या.

ते माइककडे थोडे वाकले. आवाज चढवला नाही.

"बाई, दारात उभ्या नका राहू. कोठी जायचं तुम्हाले?"

या माणसाने मला आयुष्यभर खूप काही सांगितलं होतं, पुकारून पुकारून सांगितलं होतं. मला कुठे जायचं आहे हे मात्र कधी असं विचारलं नव्हतं. माझं उत्तर आर्णीला जाणार होतं, पुण्याला जाणार होतं. पन्नास पोरांचा वर्ग एका हाकेत गप्प करणारा माझा आवाज, तो कुठे गेला कोण जाणे. माझं माहेर ढाणकीचं. आई गेल्यापासून तिकडे जायचं काही कारणच उरलं नव्हतं, आणि तसं मी कुणाला बोललेही नव्हते.

"ढाणकीले," मी म्हटलं.

पडद्यावर कुठल्या तरी परमुलखातला बर्फाचा घाट होता. त्या खेळात ढाणकी नव्हती.

"ढाणकी," ते म्हणाले, आणि आवाज मधेच फाटला. ते थांबले. घाई केली नाही. पाणी प्यायले, आणि पुन्हा पहिल्यापासून, अख्खं म्हणाले, "ढाणकीले जाते गाडी. या, बसा." मग मैत्रीकडे वळून तशाच हळू आवाजात, "ड्रायव्हर, गाडी थांबव. बाई बसू दे आधी."

मैत्रीने ब्रेक दाबला. मी कप वाजवत वाजवत त्यांच्या शेजारच्या खुर्चीपर्यंत गेले, आणि मी बसेपर्यंत गाडी त्या घाटात उभी राहिली.